समुद्राला सुट्टी नसते



पर्यटनाच्या व्यवसायात माझी पंचवीसेक वर्षं गेली. सहल निघण्याआधी आम्ही प्रवाशांची एक बैठक घ्यायचो. चहा-बिस्किटं व्हायची, एकमेकांच्या ओळखी व्हायच्या आणि मग प्रश्न सुरू व्हायचे. तिथे शाकाहारी जेवण मिळेल ना? चिवडा-लाडू बरोबर नेले तर विमानतळावर अडवतील का? पैसे इथेच बदलून घ्यावेत की तिथे? मोबाइल चालेल का? खरेदीला किती वेळ ठेवलाय? प्रश्न सगळे रास्तच असत. पण आम्ही फुकेतला निघालेलो असू, बालीला किंवा मॉरिशसला, "या दिवसांत तिथला समुद्र कसा असतो हो?" हे मला इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्याच लोकांनी विचारलं. ज्यांनी विचारलं, ते बहुतेक कोकणातले होते.

आज मला याच प्रश्नाविषयी बोलायचं आहे. परदेशात समुद्रकिनारी सुट्टी घालवायला जाणाऱ्या कुटुंबानं कोणती काळजी घ्यावी, हा आजचा विषय. उदाहरण म्हणून मी थायलंडमधलं फुकेत बेट घेणार आहे. पुष्कळ मराठी कुटुंबांची पहिली परदेशवारी तिकडचीच असते आणि तिथला समुद्र मी उन्हाळ्यात, पावसाळ्यात, हिवाळ्यात, तिन्ही ऋतूंत पाहिला आहे.

माझं लहानपण दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदराजवळ गेलं. आमच्याकडे पावसाळा तोंडावर आला की होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि झापांनी शाकारून ठेवतात. जाळी घरात येतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो आणि मग होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या. ज्याचं पोट समुद्रावर अवलंबून आहे, ज्याला आजा-पणजापासून लाटांची भाषा कळते, तो माणूससुद्धा या दिवसांत दर्यात जात नाही. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आता गंमत पाहा. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्या कोकणात पाऊस आणतो, तोच पुढे अंदमान समुद्रावरून वाहत फुकेतला धडकतो. पातोंग, कारोन, काता, सुरिन हे फुकेतचे नावाजलेले किनारे बेटाच्या पश्चिमेला आहेत. म्हणजे आपल्या हर्णै-मालवणासारखे तेही वाऱ्याच्या तोंडावर उभे. साधारण मे ते ऑक्टोबर या काळात तिथला समुद्र खवळलेला असतो. आणि आपल्या मुलांच्या शाळांना सुट्टी कधी? मे महिन्यात. त्याच सुमारास तिथली हॉटेलं दर उतरवतात. आपण जाहिरात पाहतो, "एवढ्या स्वस्तात समुद्रासमोरची खोली!" म्हणून खूश होतो आणि आरक्षण करून टाकतो. बाजारात भाजी अचानक स्वस्त दिसली तर आपण विचारतो, "का हो, आज एवढी स्वस्त कशी?" खोलीबद्दल मात्र विचारत नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, की समोरच्या समुद्रात या महिन्यांत पुष्कळ दिवस उतरता येत नाही.

याचा अर्थ मे-जूनमध्ये तिकडे जाऊच नये असा नाही. पाऊस येतो-जातो, डोंगर हिरवेगार असतात, गर्दी कमी असते. जरूर जा. फक्त पोहण्यासाठी हॉटेलचा तलाव आणि पाहण्यासाठी समुद्र, अशी मनाची तयारी करून जा. समुद्रात डुंबायचंच असेल तर फुकेतला डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. त्याच थायलंडमध्ये पूर्वेच्या आखातात को सामुई नावाचं बेट आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, तमिळनाडूत पडतो त्याच सुमारास. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांची वेळापत्रकं निराळी. तेव्हा तिकीट काढण्याआधीचा पहिला प्रश्न हाच: त्या महिन्यात, त्या किनाऱ्यावर, समुद्र कसा असतो?

आता किनाऱ्यावर पोचलो असं समजू. पाण्याकडे पाहण्याआधी वाळूत रोवलेले झेंडे पाहायचे. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका. दोन लाल झेंडे एकत्र असतील तर ते पाणी सर्वांसाठी बंद. वर लाल आणि खाली पिवळा असे दोन झेंडे काही अंतरावर लावलेले दिसले, तर त्यांच्यामधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांचं लक्ष आहे, पोहायचं तर तिथेच पोहा. जांभळा झेंडा असेल तर पाण्यात जेलीफिशसारखे अपायकारक जीव आहेत. जगातल्या बहुतेक देशांत या खुणांचा अर्थ साधारण सारखाच असतो, म्हणून घरातल्या मुलांना त्या रस्त्यावरच्या सिग्नलसारख्या पाठ करून घ्याव्यात. एकही झेंडा नसेल तर पाणी सुरक्षित आहे असं मात्र समजू नये. त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की आपल्याकडे बघायला तिथे कोणी नाही.

लाल झेंडा असताना आमच्या गटातले काही जण म्हणायचे, "पण पाणी तर गुडघाभरच आहे." दुसरं वाक्य असायचं, "ते बघा, तिथे तर लाटासुद्धा नाहीत." श्रोतेहो, ही दोन वाक्यं फार धोक्याची आहेत. ती का, ते नीट समजून घेऊ.

लाटा एकामागून एक किनाऱ्याकडे पाणी आणून टाकत असतात. या पाण्याला परत जायला वाट हवी असते. पाण्याखाली वाळूचे दांडे असतात आणि या दांड्यांत जिथे खाच असेल, तिथून साठलेलं सगळं पाणी जोरानं आत धावतं. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. आमच्याकडची माणसं साधं "ओढ" म्हणतात. या अरुंद पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत दिसणारं पाणी, अशी तिची ओळख. म्हणजे नवख्या माणसाला जी जागा सर्वांत सुरक्षित वाटते, नेमकी तीच सर्वांत घातक असते. गुडघाभर पाण्यात पायाखालची वाळू सरकते, माणूस बसतो, पुढची लाट त्याला उचलते आणि बघता बघता तो छातीभर पाण्यात जातो. जोर असेल तेव्हा ही ओढ ऑलिंपिकमध्ये पोहणाऱ्यालाही मागे टाकते. तिच्याविरुद्ध पोहून किनारा गाठण्याचा प्रयत्न करणारा माणूस दमतो, आणि दमल्यामुळे बुडतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची, की ओढ माणसाला आत समुद्राकडे नेते, खाली तळाला खेचत नाही. म्हणून घाबरून हातपाय मारायचे नाहीत. पाठीवर तरंगायचं, श्वास चालू ठेवायचा, एक हात वर करून किनाऱ्याकडे मदत मागायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे पोहायचं. हा पट्टा सहसा फार रुंद नसतो. त्यातून बाहेर पडलं, की फुटणाऱ्या लाटांच्या बाजूनं तिरकं किनाऱ्याकडे यायचं. पोहता येत नसेल तर तरंगत राहायचं. ओढीचा जोर पुढे जाऊन ओसरतो.

आणि आपण किनाऱ्यावर उभे असू, आपलंच माणूस ओढीत सापडलं असेल, तर? ही वेळ सर्वांत कठीण. अशा वेळी बाप, भाऊ, मित्र मागचापुढचा विचार न करता पाण्यात झेप घेतात आणि एकाऐवजी दोघे-तिघे जातात. आधी जीवरक्षकाला हाक मारा. तो नसेल तर तरंगणारी कुठलीही वस्तू फेका. मोकळा प्लॅस्टिकचा कॅन, थर्माकोलची पेटी, हवा भरलेली रिंग, जे हाताशी असेल ते. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हेही लक्षात ठेवा. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वासालाच सवड नसते, तिथे हाक कुठून मारणार? म्हणून लहान मुलांपासून एक हात अंतरावरच राहायचं, आणि त्या वेळी मोबाइल हातात नको. हे हॉटेलच्या तलावालाही लागू आहे.

असे अपघात केवळ पावसाळ्यातच घडतात असंही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्या रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे निरभ्र आकाशाचे दिवस. आपण देशावरची माणसं समुद्राकडे मोठ्या तलावासारखं पाहतो. पण समुद्राला भरती-ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. ओहोटीच्या वेळी दूरवर चालत गेलेल्या माणसाच्या मागून भरतीचं पाणी कसं भरतं, हे त्याला कळतही नाही. कोळणीला विचारा, ती घड्याळ न पाहता वेळ सांगेल. आपण विचारत नाही, एवढीच अडचण आहे.

एक प्रसंग सांगतो. फुकेतला जुलै महिन्यात आमचा गट होता. त्याच हॉटेलात भारतातलंच एक जोडपं स्वतंत्रपणे आलेलं होतं. दोघांनी पन्नाशी ओलांडलेली. सकाळी न्याहारीला आमच्या शेजारच्या टेबलावर बसले होते, मुलानं सहल भेट दिली म्हणून कौतुकानं सांगत होते. अकराच्या सुमारास किनाऱ्यावर गलका झाला म्हणून मी धावलो. त्या बाई वाळूत बसल्या होत्या. एका हातात नवऱ्याचा चष्मा, दुसऱ्या हातात त्याच्या चपला. "फक्त पाय भिजवून येतो म्हणाले," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. दहा पावलांवर लाल झेंडा फडफडत होता. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता.

ते गृहस्थ संध्याकाळी सापडले. त्यानंतरचे चार दिवस मी जमेल तेवढा त्या बाईंबरोबर होतो. पोलिसांचा अहवाल, शवविच्छेदन, मृत्यूचा दाखला, त्याचं भाषांतर, दूतावासाची कागदपत्रं, विमान कंपनीची कागदपत्रं. परक्या देशात, परक्या भाषेत, एकटीनं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तो झेंडा कशासाठी असतो?" मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढंच विचारायचं होतं का?"

श्रोतेहो, तेव्हापासून प्रत्येक बैठकीत खाण्यापिण्याचे प्रश्न सुरू होण्याआधी मी झेंड्यांची माहिती सांगू लागलो. काहींना ते अपशकुनी वाटायचं. निघायच्या आधी कशाला असलं बोलायचं, असं म्हणायचे. पण गाडीत बसताना आपण पट्टा लावतो, तो काही अपघात होणार म्हणून नव्हे.

आता होडीकडे वळू. फुकेतहून फी फी, राचा अशा बेटांवर दिवसभराच्या सहली निघतात. ५ जुलै २०१८ या दिवशी फिनिक्स नावाची पर्यटकांची बोट फुकेतजवळ वादळी समुद्रात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक मृत्युमुखी पडले. खराब हवामानाचा इशारा आधी दिलेला होता, तरीही बोट गेलेली होती. म्हणून नावाड्यानं "आज जात नाही" म्हटलं तर त्याचे आभार मानावेत. आमच्या गटातले एक गृहस्थ अशा वेळी तांडेलाशी हुज्जत घालू लागले, "पैसे भरलेत आम्ही, आमची सुट्टी वाया जातेय." मी त्यांना एवढंच म्हटलं, "साहेब, सुट्टी आपल्याला आहे, समुद्राला नाही. आणि हा माणूस आजची कमाई सोडून घरी बसतोय, म्हणजे त्याला काहीतरी दिसतंय." ते तणतणत खोलीत गेले. दुपारी समुद्राचं रूप पाहून आपणहून खाली आले आणि तांडेलाला चहा पाजून गेले.

बोटीत बसताना लाइफ जॅकेट आपल्या मापाचं आहे का, त्याचे बंद धड आहेत का, हे पाहूनच बसावं. मुलांचं जॅकेट निराळं असतं, ते मागून घ्यावं. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. पाण्याखालची मासळी पाहायला स्नॉर्कलिंग करणार असाल तर ती नळी आधी हॉटेलच्या तलावात, उभं राहता येईल अशा पाण्यात वापरून पाहा. हृदयविकार, रक्तदाब, दमा असणाऱ्यांनी निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारावं. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर त्यानंतर साधारण १८ ते २४ तास विमानात बसायचं नसतं. सहलीच्या शेवटच्या दिवशी डायव्हिंग आणि रात्रीचं विमान, असा बेत म्हणूनच आखू नये.

थायलंडच्या काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या अडकवलेल्या दिसतात. त्या बॉक्स जेलीफिशच्या दंशासाठी असतात. हा जीव पारदर्शक असतो, पाण्यात दिसत नाही आणि त्याचा दंश जिवावर बेतू शकतो. दंश झाला तर ती जागा चोळू नये, गोडं पाणी ओतू नये. व्हिनेगर भरपूर ओतावं आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. अंगभर पोहण्याचा पोशाख घातला तर निम्मं संरक्षण होतं, शिवाय उन्हापासूनही बचाव होतो.

समुद्राची आणखी एक खूण प्रत्येकाला ठाऊक हवी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत थायलंडमध्ये पाच हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी पर्यटकही फार मोठ्या संख्येनं होते. त्या सकाळी फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर फिरत होती. समुद्राचं पाणी विचित्र फेसाळताना तिनं पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला शिकवलेलं तिला आठवलं आणि तिनं आईवडिलांना सांगायचा हट्टच धरला. तिच्या वडिलांनी हॉटेलच्या माणसांना सांगितलं, किनारा रिकामा झाला आणि शंभराच्या आसपास माणसं वाचली. भूकंपाचा जोराचा हादरा बसला किंवा समुद्र अचानक दूरवर मागे हटला, तर तळाचे शिंपले वेचायला धावू नये, उंच जागेकडे धावावं. पहिली लाट येऊन गेली म्हणून लगेच परत खाली येऊ नये, कारण पुढच्या लाटा अधिक मोठ्या असू शकतात. फुकेतला आज त्सुनामीच्या वेळी कोणत्या वाटेनं जायचं हे दाखवणारे फलक रस्तोरस्ती आहेत. हॉटेलात सामान टाकलं की पाच मिनिटं काढून ती वाट पाहून यावी.

समुद्राबद्दल एवढं बोललो, पण किनाऱ्यावरच्या सुट्टीत अपघात जमिनीवरही होतात. पहिला क्रमांक भाड्याच्या स्कूटरचा. थायलंडमध्ये रस्ते अपघातांत जे मृत्यू होतात, त्यांत सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी-तीनचाकीवरचे असतात. तिथे आपल्यासारखंच डावीकडून वाहन चालवतात, त्यामुळे आपल्याला फाजील आत्मविश्वास येतो. पण फुकेतचे रस्ते डोंगरउताराचे आहेत, वर पावसाचं पाणी आणि वाळू. चालवायचीच असेल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. आपल्याकडे दुचाकीचा परवाना असायलाच हवा, नुसता मोटारीचा पुरत नाही. परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी बहुधा हात वर करते, आणि परदेशातल्या रुग्णालयाचं बिल काय असतं हे ज्यानं भरलंय त्यालाच माहीत. हेल्मेट दोघांनीही घालावं, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी. आणि स्कूटर घेताना तारण म्हणून पासपोर्ट कधीही ठेवू नये.

जेट स्कीचंही तसंच. भाड्यानं घेण्याआधी तिच्यावर आधीपासून असलेले ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवावेत, मालकाच्या देखतच. परत करताना "हे तुम्ही केलंत" म्हणून पैसे मागण्याचे प्रकार तिथे पुष्कळ झाले आहेत. वाद झाला तर किनाऱ्यावर आवाज चढवू नये, पर्यटक पोलिसांना फोन करावा.

दुसरी गोष्ट दारूची. हा विषय काढला की सभागृहात कुजबुज व्हायची, पण बोलायला हवं. दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की गावठी किंवा सुटी दारू, स्वस्तातली मिश्रणं, कोणी फुकट पुढे केलेले प्याले, यांना हात लावायचा नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. तेच मिथेनॉल परदेशातल्या पर्यटनस्थळीही पोचतं. २००९ मध्ये बाली-लोंबोकच्या परिसरात आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग विएंगला त्यानं बळी घेतले आहेत, त्यांत पर्यटकही होते. ते चवीवरून ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी नजर अंधूक झाली, पोटात कळा आल्या, श्वास जड झाला, तर "रात्री जास्त झाली असेल" म्हणून झोपून राहू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावं. तिथे वेळेला फार किंमत आहे.

आता निघण्याआधीची तयारी. प्रवास विमा घेताना रक्कम पाहतो तशी वगळलेल्या गोष्टींची यादीही पाहावी. पाण्यातले खेळ त्यात धरलेत का, दुचाकी धरलीय का, आधीपासूनचे आजार धरलेत का, हे एजंटला स्पष्ट विचारून लेखी घ्यावं. पासपोर्ट, तिकीट आणि विम्याच्या प्रती घरी एका जबाबदार माणसाकडे ठेवाव्यात. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आणि रुग्णवाहिकेचा १६६९ आहे. हे दोन्ही मोबाइलमध्ये तर ठेवावेतच, पण कागदावर लिहून खिशातही ठेवावेत, कारण मोबाइल पाण्यात पडतो तो नेमका गरजेच्या वेळी. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवायची आणि तिचा कागद घेऊन बँकॉकच्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधायचा. मायदेशी परतण्यापुरता तातडीचा दाखला दूतावास देऊ शकतो.

शेवटचं सांगतो. एवढी यादी ऐकून कोणाला वाटेल, मग जायचं तरी कशाला? तर तसं मुळीच नाही. फुकेतच्या किनाऱ्यावर सूर्य मावळताना पाहिलेले आमच्या गटातल्या आजीबाईंचे चेहरे मी विसरलेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेल्या, पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या बायका परकराचा ओचा खोचून लाटांशी खेळल्या आहेत. तोही आनंदच, आणि तो शंभर टक्के सुरक्षित होता, कारण त्यांनी आधी विचारलं होतं, "इथे उतरायला हरकत नाही ना रे बाबा?"

मला वाटतं, सगळा उपदेश बाजूला ठेवून हा एकच प्रश्न बरोबर न्यावा. जीवरक्षकाला विचारा, हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारा, वाळूत शहाळी विकणाऱ्या बाईला विचारा. भाषा येत नसेल तर पाण्याकडे बोट दाखवून नुसती मान हलवा, त्यांना कळतं. आज समुद्र कसा आहे हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं, आणि विचारलं तर कोणी सांगायला नाही म्हणत नाही. विचारण्यात आपला कमीपणा तर मुळीच नाही. आमच्या हर्णैचे कोळी दर वर्षी दर्याला नारळ देऊन, हात जोडून मगच होडी लोटतात. पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगणारी माणसं इतक्या अदबीनं वागतात. आपण तर चार दिवसांचे पाहुणे.

आपल्या सगळ्यांच्या सुट्ट्या सुखाच्या जावोत.